सात इनिंगचा सामना आणि नऊ इनिंगचे तिकीट

गेल्या अंकात अमेरिकेतील बेसबॉलविषयी लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहिले होते की, २०२० आणि २०२१ या दोन मोसमांत मेजर लीगमधील, म्हणजे तेथील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतील, डबलहेडरचे सामने नऊऐवजी सात इनिंगचे खेळवले गेले. या एका वाक्यावर बरीच पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचा रोख तिकिटाच्या पैशांवर आहे. काही वाचकांनी ते सामने मैदानात बसून पाहिलेले आहेत, तर काही जण महाराष्ट्रात पहाटे उठून थेट प्रक्षेपण पाहणारे आहेत. एकाच मुद्द्याची पत्रे एकत्र करून त्यांतील सहा प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आयपीएलमध्ये शनिवारी किंवा रविवारी दोन सामने असले की आपण त्याला डबलहेडर म्हणतो. बेसबॉलमधला डबलहेडर तोच का? आणि शंभर वर्षांहून जुन्या खेळात मध्येच सात इनिंगचा नियम कशासाठी आणला गेला? (एक वाचक, पुणे)

उत्तर : शब्द तोच आहे, परंतु प्रकार वेगळा आहे. आयपीएलच्या त्या दिवशी दोन निरनिराळ्या शहरांत चार निरनिराळे संघ खेळतात. बेसबॉलमध्ये तेच दोन संघ, त्याच मैदानावर, एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने खेळतात. इनिंग म्हणजे दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी आणि प्रत्येक पाळी तीन गडी बाद होईपर्यंत चालते. त्यामुळे नऊ इनिंगच्या सामन्यात एका संघाचे २७ गडी बाद करावे लागतात आणि सात इनिंगच्या सामन्यात २१.

एके काळी रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी डबलहेडर हा ठरलेला कार्यक्रम असे. चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, सकाळी घरून डबा बांधून निघावे, एका तिकिटात दोन सामने पाहावेत आणि दिवेलागणीला परतावे, अशी त्या पिढीची रीत होती. शिकागो कब्स संघाचा एर्नी बँक्स हा खेळाडू ‘चला, आज दोन खेळूया’ असे म्हणत असे आणि त्याचे ते वाक्य अजूनही अमेरिकेत लोकांच्या तोंडी आहे. दोन खेळण्याची हौस कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण ३१ मे १९६४ चे आहे. न्यू यॉर्कच्या शे स्टेडियममध्ये मेट्स आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्स यांचा दुसरा सामना त्या दिवशी २३ इनिंगपर्यंत लांबला आणि एकट्या त्या सामन्याला ७ तास २३ मिनिटे लागली. दुपारी मैदानात आलेले प्रेक्षक एका तिकिटात ३२ इनिंग पाहून रात्री अकरानंतर घरी गेले.

पुढे संघमालकांच्या लक्षात आले की, एका तिकिटात दोन सामने दाखवले की एका पूर्ण दिवसाची दाराची मिळकत बुडते. त्यामुळे वेळापत्रकात मुद्दाम ठेवलेले डबलहेडर आता जवळजवळ संपले आहेत. आजचे डबलहेडर बहुधा पावसाने रद्द झालेला सामना भरून काढण्यासाठी होतात आणि त्यांचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात एकाच तिकिटावर दोन्ही सामने पाहता येतात. दुसऱ्यात एक सामना दुपारी, दुसरा संध्याकाळी आणि प्रत्येकाचे तिकीट वेगळे असते. दुपारचा सामना संपला की मैदान रिकामे करतात आणि संध्याकाळची माणसे नव्याने आत घेतात. पुढच्या सगळ्या उत्तरांत मी या दोन प्रकारांना एकतिकिटी आणि दोनतिकिटी असे म्हणेन, कारण पैशांचा सगळा वाद या एका फरकाभोवती फिरतो.

सात इनिंगचा नियम करोनाने आणला. २०२० चा मोसम १६२ सामन्यांऐवजी ६० सामन्यांचा करून २३ जुलैला सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात मायामी मार्लिन्सच्या खेळाडूंमध्ये साथ पसरली. पाठोपाठ सेंट लुईस कार्डिनल्स संघ दोन आठवड्यांहून अधिक काळ खेळू शकला नाही. तो संघ पुन्हा उतरला तेव्हा खेळाडूंनी संसर्ग टाळण्यासाठी भाड्याच्या ४१ मोटारींतून, प्रत्येक मोटारीत एक जण असा, शिकागोचा रस्ता धरला आणि पुढच्या ४४ दिवसांत ५३ सामने खेळले. एवढे सामने नऊ इनिंगचे खेळायचे तर पिचरांचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचे, खांदे टिकले नसते. अशी वेळ येणार हे पहिल्याच आठवड्यात दिसल्याने लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी ३१ जुलैलाच ठरवले होते की, १ ऑगस्टपासून डबलहेडरचे दोन्ही सामने सात इनिंगचे होतील. २ ऑगस्टला डेट्रॉईटमध्ये सिनसिनाटी रेड्स आणि टायगर्स यांच्यात असा पहिला डबलहेडर झाला. ज्या परिस्थितीत हा निर्णय घेतला गेला, ती पाहता मी त्याला योग्यच म्हणतो.

प्रश्न : २०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही चौघे एका दोनतिकिटी डबलहेडरला गेलो होतो. हौस म्हणून दुपारचा आणि संध्याकाळचा असे दोन्ही सामने पाहिले. प्रत्येक तिकीट ४५ डॉलरचे होते, म्हणजे एकूण ३६० डॉलर झाले. दोन्ही सामने सात-सात इनिंगचे होते. माझे म्हणणे आहे की आमचे ८० डॉलर फुकट गेले. माझा मुलगा म्हणतो की दोन सामन्यांचे पैसे दिले, दोन सामने पाहिले, दोन्हींचे निकाल गुणतक्त्यात पूर्ण धरले गेले, मग तक्रार कसली? सामना पावसाने पाच इनिंगमध्ये संपला असता तर तुम्ही पैसे मागितले असते का, असेही तो विचारतो. आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही. (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : आपला हिशेब बरोबर आहे. नऊपैकी दोन इनिंग कमी झाल्या, ३६० चे दोन नवमांश ८० होतात. तरीही आधी आपल्या मुलाचे म्हणणे नीट पाहू, कारण ते विचार करून मांडलेले आहे.

बेसबॉलचे तिकीट इनिंग मोजून विकले जात नाही, हे खरे आहे. नियमाप्रमाणे पाच इनिंग पूर्ण झाल्या की सामना ग्राह्य धरता येतो, यजमान संघ आघाडीवर असेल तर साडेचारही पुरतात. त्यानंतर पाऊस आला आणि पंचांनी सामना थांबवून निकाल दिला तर प्रेक्षकाला काही परत मिळत नाही. उलट बरोबरी झाली तर सामना तेरा-चौदा इनिंगही चालू शकतो आणि त्याचे जादा पैसे कोणी मागत नाही. म्हणजे तिकीट घेणारा आणि विकणारा दोघेही थोडा नशिबाचा भाग मान्य करूनच व्यवहार करतात.

परंतु नशीब आणि ठराव यांत अंतर आहे. पाऊस कोणाच्या हातात नसतो, त्याचा फटका दोघांनी सोसायचा असतो. सात इनिंगचा सामना मात्र पहिला चेंडू पडण्यापूर्वीच सातचा ठरलेला होता. विकणाऱ्याला माहीत होते की आपण २७ ऐवजी २१ गड्यांचा खेळ विकत आहोत, आणि तरी त्याने २७ गड्यांचा भाव लावला. जादा इनिंगचा जो आनंद कधीमधी पदरात पडतो, तोही त्या दोन वर्षांत आखडला होता, कारण बरोबरी झाल्यास आठव्या इनिंगपासूनच प्रत्येक पाळीच्या आरंभी दुसऱ्या बेसवर (धाव पूर्ण करण्यासाठी क्रमाने गाठायच्या चार थांब्यांपैकी दुसऱ्यावर) एक धावपटू आयता उभा केला जात असे, जेणेकरून निकाल लवकर लागावा.

आता गुणतक्त्याचा मुद्दा. सामना पूर्ण धरला गेला, हे खरे. पण त्याच लीगची विक्रमांची वही काय म्हणत होती ते पाहा. २५ एप्रिल २०२१ रोजी अटलांटामध्ये डबलहेडर होता. पहिल्या सामन्यात ॲरिझोना डायमंडबॅक्सच्या झॅक गॅलनने ब्रेव्हज संघाला सात इनिंगमध्ये केवळ एक हिट (फलंदाजाला बेसवर पोहोचवणारा फटका) दिली. दुसऱ्या सामन्यात त्याच संघाच्या मॅडिसन बमगार्नरने सात इनिंगमध्ये एकही हिट दिली नाही आणि सामना ७-० असा जिंकला. एकही हिट न देता पूर्ण सामना टाकणे ही पिचरच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट असते, काही थोर पिचरांच्या वाट्याला ती कधीच आलेली नाही. सामना संपल्यावर सहकाऱ्यांनी त्याला मिठ्या मारल्या, पण विक्रमांच्या वहीत त्याचे नाव त्या यादीत गेले नाही. कमिशनर फे व्हिन्सेंट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९१ मध्ये ठरवून दिले होते की, नऊ इनिंगपेक्षा कमी खेळ झाला असेल तर ती कामगिरी नो-हिटर धरू नये, आणि त्या वेळी जुन्या यादीतली ५० नावेही काढली होती. २०२१ मध्येच ७ जुलैला टॅम्पा बे रेजच्या पाच पिचरांनी मिळून क्लीव्हलँडविरुद्ध सात इनिंगमध्ये एकही हिट दिली नाही, त्यांचीही गत तीच झाली. मात्र बमगार्नरच्या खात्यावर पूर्ण सामना टाकल्याची नोंद झाली, धाव न देता सामना टाकल्याची नोंदही झाली.

म्हणजे गुणतक्त्यासाठी सात इनिंग पूर्ण, पिचरच्या काही नोंदींसाठी पूर्ण, सर्वांत मानाच्या नोंदीसाठी अपुऱ्या, आणि तिकीटखिडकीवर पुन्हा पूर्ण. एकाच सामन्याला लावलेली ही निरनिराळी मापे मला मान्य होत नाहीत. ज्या खेळाने आपल्या पिचरला सांगितले की सात इनिंग म्हणजे सामना अर्धवट आहे, त्याने प्रेक्षकाकडून पूर्ण सामन्याचे पैसे घ्यायला नको होते. या एका गोष्टीवर मी आपल्या बाजूने उभा आहे.

मी स्वतः त्याच मोसमात मुलीला घेऊन एका दोनतिकिटी डबलहेडरच्या संध्याकाळच्या सामन्याला गेलो होतो. आम्ही गुणपत्रिका हाताने लिहितो. प्रवेशद्वारापाशी मिळणाऱ्या पुस्तिकेच्या मधल्या पानावर नऊ फलंदाजांच्या ओळी आणि इनिंगचे रकाने छापलेले असतात, आणि प्रत्येक चौकोनात फलंदाजाचे काय झाले ते पेन्सिलीने लिहायचे असते. आम्ही रांगेत उभे असताना दुपारची माणसे शेंगांची टरफले झटकत त्याच दारातून बाहेर पडत होती. सामना ठरल्याप्रमाणे संपला. मुलीने पत्रिका माझ्यासमोर धरली तेव्हा सात रकाने भरलेले होते आणि आठवा-नववा कोरा होता. ‘बाबा, इथे काय लिहायचं?’ असे तिने विचारले. छापणाऱ्यांनी पुस्तिका बदलली नव्हती, कारण त्यांच्याही डोक्यात सामना नऊ इनिंगचाच होता. तिकिटावर इनिंगचा उल्लेख कोठेच नव्हता. ती पत्रिका अजून माझ्याकडे आहे.

तरीही आपल्या ८० डॉलरच्या हिशेबात मी एक दुरुस्ती सुचवेन. आपण मैदानात जाण्याचे पैसे देतो त्यात केवळ गडी बाद होताना पाहणे नसते. हिरवळ, उजेड, सराव करणारे खेळाडू जवळून पाहणे, मुलांबरोबर घालवलेला वेळ यांचाही वाटा त्यात असतो, आणि तो दोन नवमांशांनी कमी झाला नव्हता. दोन इनिंगचे पैसे वजा करून तिकीट विकायला हवे होते, असे म्हणणे मला न्याय्य वाटते. पैसे फुकट गेले, हे म्हणणे मात्र जरा अधिक होईल. सर्वांत सरळ मार्ग होता तो असा की, सामना सातचा असेल तर डबलहेडर एकतिकिटीच ठेवावा. मग एका तिकिटात १४ इनिंग मिळाल्या असत्या आणि कोणाचीच तक्रार राहिली नसती. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये जेमतेम सुमारे ३७ हजार जागा आहेत आणि मागणी मोठी, तेव्हा अशा क्लबांना दोनतिकिटी प्रकार का आवडतो हे मला समजते. पण प्रेक्षकाला कमी खेळ देऊन दोनदा तिकीट घ्यायला लावणे हे त्याने समर्थनीय ठरत नाही.

प्रश्न : मी शाळेच्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवते. आमचा सामना सात इनिंगचाच असतो आणि तो आम्हाला कधी अपुरा वाटलेला नाही. शेवटच्या इनिंगमध्ये मैदानावर श्वास रोखून उभ्या असलेल्या मुली पाहिल्या की, सात इनिंग म्हणजे कमी खेळ असे कोणी म्हणू धजणार नाही. आकड्याला एवढे महत्त्व का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार आनंद झाला. महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत सॉफ्टबॉल ज्या जिव्हाळ्याने खेळला जातो, तो पाहता बेसबॉलची ओळख आपल्याकडच्या अनेक मुलामुलींना सॉफ्टबॉलमुळेच झालेली आहे. आपले म्हणणे मुळात योग्य आहे. सात हा आकडा कमी नाही आणि नऊ हा काही पवित्र आकडा नाही. सॉफ्टबॉल सातसाठीच घडलेला खेळ आहे. त्यातील दोन बेसमधले अंतर ६० फूट असते, बेसबॉलमध्ये ते ९० फूट असते. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर ४३ फुटांवरून चेंडू टाकते, बेसबॉलचा पिचर ६० फूट ६ इंचांवरून. चेंडू, मैदान, पिचरची दमछाक आणि फलंदाजाच्या संधी यांचा मेळ सात इनिंगशी बसवलेला आहे.

मेजर लीगमध्ये मात्र सगळी घडण नऊसाठी आहे आणि तिच्यातून शेवटचे दोन तुकडे कापून काढले होते. काय कापले गेले ते फलंदाजाच्या बाजूने मोजून पाहा. संघात नऊ फलंदाज क्रमाने येतात. समजा एकही फलंदाज बेसवर पोहोचला नाही, तरी २७ गडी बाद होईपर्यंत प्रत्येक जण तीनदा येतो. सात इनिंगमध्ये २१ गडी बाद व्हायचे असतात, म्हणजे क्रमातील पहिले तिघे तीनदा येतात आणि उरलेले सहा जण दोनदाच. एखाद्या मुलाने वर्षभर पैसे साठवून ज्या खेळाडूला पाहायला यावे, तो क्रमात चौथा असेल तर त्याच्या हमखास मिळणाऱ्या संधींपैकी एक तृतीयांश गेली. दुसरी गोष्ट, नऊ इनिंगच्या सामन्यात सातव्या इनिंगपासून पुढे ताज्या दमाचे पिचर एकामागून एक आणायचे की सुरुवातीच्यालाच ठेवायचे, बदली फलंदाज कधी उतरवायचा, हे डावपेच रंगात येतात. सातव्या इनिंगच्या मध्यावर उभे राहून हातपाय मोकळे करण्याची प्रेक्षकांची जी जुनी प्रथा आहे, तीही त्यानंतर चुरस उरलेली असते म्हणून. सात इनिंगच्या सामन्यात यजमान संघ त्या क्षणी पुढे असेल तर सामना तेथेच संपलेला असतो.

आपल्या मुलींचा सामना पूर्ण आहे, कारण तो सातचाच आहे. बमगार्नरचा सामना अपुरा ठरला, कारण त्याच्याच खेळाने नऊ ही पूर्णता मानलेली होती.

प्रश्न : पावसामुळे एकदिवसीय सामना ५० ऐवजी ३० षटकांचा झाला तर आपण तिकिटाचे पैसे परत मागत नाही. मग बेसबॉलच्या प्रेक्षकांनीच का कुरकुर करावी? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : याचे मुख्य उत्तर वर आलेच आहे. पावसाने झालेली कपात आणि कराराने आधीच ठरवलेली कपात एका मापाने मोजू नये. क्रिकेटमध्येही किमान मर्यादा आहेच. निकालासाठी एकदिवसीय सामन्यात दुसऱ्या संघाला किमान २० षटके आणि टी-ट्वेंटीत ५ षटके मिळावी लागतात, बेसबॉलच्या पाच इनिंगच्या नियमाचे हे जवळचे भावंडच म्हणता येईल. आपल्याकडे मंडळाने उद्या जाहीर केले की, पुढील मोसमात शनिवारचे सामने १५ षटकांचे होतील आणि तिकीट मात्र तेच राहील, तर आपणही गप्प बसणार नाही, आणि बसू नये.

प्रश्न : २०२२ पासून पुन्हा नऊ इनिंगचे डबलहेडर सुरू झाले. मला व्यक्तिशः सात इनिंगच बऱ्या वाटत होत्या. लहान मुलांना घेऊन सहा-सात तास मैदानात बसणे होत नाही. जुने चाहते केवळ सवयीने नऊचा आग्रह धरतात असे आपल्याला वाटत नाही का? (एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांची ही अडचण खरी आहे आणि तिच्याकडे सवयीच्या चष्म्यातून पाहू नये, हे मला मान्य आहे. मालकांनी पुकारलेली ९९ दिवसांची टाळेबंदी संपवून १० मार्च २०२२ रोजी खेळाडूंशी नवा करार झाला आणि त्यानंतरच्या मोसमापासून सात इनिंगचे डबलहेडर थांबले. त्या वेळी अनेकांना वाटले की लांबलेल्या संध्याकाळी परत आल्या.

पण वेळ कशात जात होता, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. २०२१ मध्ये नऊ इनिंगचा सामना सरासरी ३ तास १० मिनिटे चालत असे. त्याच गतीने सात इनिंगला सुमारे २ तास २८ मिनिटे लागली असती. २०२३ मध्ये पिचरच्या हाती चेंडू आल्यावर त्याने १५ सेकंदांत, आणि बेसवर धावपटू असेल तर २० सेकंदांत, तो टाकण्यास सुरुवात करावी असा घड्याळाचा नियम आला. त्या वर्षी नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी वेळ २ तास ४० मिनिटांच्या आसपास आली. म्हणजे पूर्ण नऊ इनिंगचा सामना आता जुन्या गतीच्या सात इनिंगच्या सामन्यापेक्षा जेमतेम १२ मिनिटांनी लांब आहे. हातमोज्याचे पट्टे आवळण्यात आणि पिचरच्या टेकडीवर उगाच फेऱ्या मारण्यात जाणारा वेळ काढून टाकला आणि खेळ तेवढाच राहिला. आपल्याला जे हवे होते ते इनिंग न कापता मिळाले आहे, आणि मला हा उपाय सर्वतोपरी चांगला वाटतो. २०२१ नंतर मुलांना घेऊन आपण एकदाही गेला नसाल, तर आता जाऊन पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : आमच्या गावाजवळ मायनर लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायरीवरचा, संघ आहे. पुढच्या महिन्यात माझे आई-वडील साताऱ्याहून येत आहेत. त्यांना शुक्रवारच्या सामन्याला न्यायचा विचार आहे. गेल्या वर्षी आम्ही शुक्रवारचे तिकीट काढले आणि पावसाने सामना रद्द झाला. शनिवारी डबलहेडर झाला, पण आम्हाला शनिवारी जाता आले नाही. पुढे बदलून मिळालेल्या तिकिटावर गेलो तर तोही डबलहेडर निघाला आणि दोन्ही सामने सातच इनिंगचे होते. हा नियम बंद झाला होता ना? आणि या वेळी काय काळजी घ्यावी? (एक वाचक, नॉर्थ कॅरोलिना)

उत्तर : तो नियम मेजर लीगमध्ये बंद झाला. मायनर लीगमध्ये डबलहेडरचे सामने सात इनिंगचेच असतात आणि ही प्रथा करोनाच्या फार आधीपासूनची आहे. तेथे खेळणारे पिचर कोवळ्या वयाचे असतात आणि निकालापेक्षा त्यांचे हात जपणे महत्त्वाचे मानले जाते. २०२१ पासून तेथील वेळापत्रकात पाहुणा संघ साधारणपणे मंगळवार ते रविवार असे सहा सामने एकाच गावात खेळतो. त्यामुळे शुक्रवारी पाऊस पडला की शनिवारी किंवा रविवारी डबलहेडर होण्याचा संभव मोठा असतो. असा डबलहेडर बहुधा एकतिकिटी असतो, म्हणजे शनिवारचे तिकीट असणाऱ्यांना १४ इनिंग मिळतात. घाट्यात राहतो तो शुक्रवारचे तिकीट घेतलेला माणूस, आणि गेल्या वर्षी तो आपण होतात. आपल्याला बदली तिकिटावर १४ इनिंग मिळाल्या, तेव्हा दोन्ही सामने थांबून पाहिले असतील तर इनिंगच्या हिशेबात आपले नुकसान झाले नाही. हातची संध्याकाळ गेली ती मात्र गेलीच.

पावसाने सामना बुडाल्यास त्याच तिकिटावर पुन्हा यावे, ही सवलत बेसबॉलमध्ये एकोणिसाव्या शतकापासून आहे. तिकिटाच्या फाडून उरणाऱ्या भागाला रेनचेक म्हणत आणि तोच शब्द पुढे अमेरिकनांच्या रोजच्या बोलण्यात आला. बहुतेक क्लब रद्द झालेल्या सामन्याचे पैसे रोख परत देत नाहीत, त्याच मोसमातील दुसऱ्या सामन्याचे तिकीट बदलून देतात. आपल्या आई-वडिलांचा मुक्काम थोड्या दिवसांचा असणार, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ते कोणत्या सामन्यांसाठी बदलून मिळते आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे क्लबच्या तिकीटखिडकीवर विचारून घ्यावे. शुक्रवारऐवजी मालिकेच्या आरंभीचा, म्हणजे मंगळवार-बुधवारचा सामना निवडला तर पाऊस आला तरी त्याच आठवड्यात पुन्हा जाण्यासाठी तीन-चार दिवस हाताशी राहतात.

आणि डबलहेडर वाट्याला आलाच तर दोघांनाही पहिल्या सामन्यापासून न्यावे. दुसऱ्या सामन्याला ठरलेली वेळ नसते, पहिला संपल्यावर साधारण अर्ध्या तासाने तो सुरू होतो. तेवढ्या वेळात मैदानावर पाणी मारतात, चुन्याच्या रेषा नव्याने ओढतात. साताऱ्याच्या माणसांना मैदान आखताना पाहायला आवडेल. बरोबर एक पेन्सिल न्यावी.